उत्तरं नसलेलं पुस्तक

साल १९७८. तुम्ही अकरा वर्षांचे आहात. मध्य प्रदेशातला होशंगाबाद जिल्हा, नर्मदेच्या खोऱ्यातलं गाव, सहावीचा वर्ग. तास विज्ञानाचा, पण फळ्याकडे कुणाचंच तोंड नाही. चौघाचौघांच्या टोळ्या जमिनीवर ओणव्या झाल्यात. तुमच्या पुढ्यात एक फूल आणि हातात बाभळीचा काटा. प्रयोगशाळेतली सुई नाही म्हणून काही अडलेलं नाही. काट्याने पाकळ्या सुट्या होतात, अंडाशय उकलतं, आत बारीक बीजांडं दिसतात.

किती आहेत? तुम्ही ‘बाल वैज्ञानिक’ उघडता. या पुस्तकात प्रश्न आहेत, उत्तरं नाहीत. शेजारच्या टोळीचा आकडा वेगळा आलाय. वाद गुरुजींपर्यंत जातो. ते म्हणतात, “पुन्हा मोजा.” एवढं म्हणायला शिक्षकाला धीर लागतो. शास्त्रज्ञांनी दिलेल्या प्रशिक्षणात गुरुजी स्वतः असेच प्रयोग करत बसले होते, तिथे हा धीर आला. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं मित्र मंडळ केंद्र या दोन संस्थांनी सोळा शाळांत सुरू केलेला विज्ञान शिकवण्याचा हा कार्यक्रम आता जिल्हाभर पसरतोय.

याच वर्षी पुण्याच्या टेल्को कंपनीतून रजा काढून एक तरुण इंजिनिअर किशोर भारतीत आलाय, अरविंद गुप्ता. आठवडी बाजारात त्याला आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी दिसली, त्यातून एक खेळ जमला. तोही करून बघा. काड्यांचं गूल खरवडून टाका, नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि दोन्ही बाजूंनी काड्या खुपसा. तीन काड्यांचा त्रिकोण होतो. दाबा, हलत नाही. चौकोन करा. दाबला की लगेच कलंडतो. मग तुम्हाला सुचतं, मधून तिरकी काडी घालू. काट्याने जोडाला भोक पाडता आणि काडी लावता, तर ती पुरत नाही! चौकोन सरळ उभा असेपर्यंत आखूडच पडते. तुम्ही चौकोन हळूहळू कलता करत नेता आणि एका जागी काडी नेमकी बसते. आता तो हलत नाही. का? बघा, दोन त्रिकोण झालेत. घराच्या छपराखालच्या कैच्या आणि रेल्वेपुलाचे तिरके गज तुम्हाला आज पहिल्यांदा दिसतात. मधली सुट्टी झाली तरी टोळी उठत नाही.

परीक्षेलाही पुस्तक उघडून बसायची मुभा आहे. पाठांतर तपासायचंच नाही, तर पुस्तक लपवायचं कशाला?

२००२ साल. हजाराहून अधिक शाळा, जवळपास लाखभर मुलं, आणि राज्य सरकार कार्यक्रम बंद करतं. मुलांच्या हातातलं काम काढून पुन्हा कानांवर भिस्त ठेवली गेली. तो निर्णय चूक होता, असं मी ठामपणे म्हणेन.

अरविंद गुप्ता पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत रमले. त्यांची पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात, मराठीतही. तुम्ही शिकवत असाल, तर काड्यापेटी आणि व्हॉल्व्हची नळी घेऊन वर्गात जा. तिरकी काडी आखूड पडली की काहीही सांगू नका. मुलांना पुरेसा वेळ द्या.