आकडे सांभाळणारा माणूस

आमचं धाड बुलढाणा जिल्ह्याच्या काठावरचं गाव. पलीकडे भोकरदन तालुका लागतो. माती तीच, कापूस तोच, पाऊसही दोघांना सारखाच दगा देतो. कागद मात्र वेगळे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. भोकरदन १९४८ पर्यंत निजामाकडेच राहिलं. त्यामुळे इकडची नोंद इसवी सनाची, तिकडची फसली सनाची, पुष्कळदा उर्दूतली. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतं. म्हणजे फसली १३०९ म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ. पुढे १९८१ साली जालना जिल्हा झाला आणि भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यातून त्यात गेलं. संशोधकाला हे ठाऊक नसेल, तर नुसत्या हद्दबदलाने घटलेले आकडे तो दुष्काळाच्या माथी मारील.

हे सांगणारा माणूस ग्रंथालयात हवा. पूर्वीचा ग्रंथपाल पुस्तक काढून देई. पण धनंजयराव गाडगीळांनी १९३० साली सुरू झालेल्या पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून पुणे शहराची आणि वाई तालुक्यातल्या शेतीची पाहणी केली, तेव्हा घरोघरचे आकडे हेच संशोधनाचं भांडवल ठरलं. अशा भांडवलाची राखण परदेशी विद्यापीठांनी स्वतंत्र काम मानलं. १९६२ साली अमेरिकेत मिशिगनला, १९६७ साली इंग्लंडात एसेक्सला पाहण्यांचे आकडे जपणारी भांडारं निघाली. त्यांतूनच ‘डेटा ग्रंथपाल’ घडला. प्रश्न कोणते विचारले, कोणत्या साली, एकर की हेक्टर, हे तो आकड्यांसोबत लिहून ठेवतो. जुन्या फ्लॉपीवरचा मजकूर नव्या यंत्रावर आणतो.

आपल्याकडे २००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर येऊ लागले. ही मोठीच सोय झाली. पण प्रबंधामागच्या भरलेल्या प्रश्नावल्या बहुधा संशोधकाच्या घरीच राहतात, पुढे रद्दीत जातात.

आमच्या भागात हा प्रश्न कागदापुरता नाही. कर्जापायी ज्या घरातला कर्ता गेला, त्या घरातल्या बाईला तेच प्रश्न किती जणांनी विचारायचे? पहिल्याची उत्तरं नीट जपली, तिचं नाव-गाव झाकून दुसऱ्याला दिली, तर तिला पुन्हा ते सगळं सांगावं लागणार नाही. विद्यापीठांनी हे काम जाणणारी माणसं नेमावीत, आणि संशोधन संपल्यावर नव्हे, पहिली प्रश्नावली छापण्याआधीच त्यांना विचारावं.