शिकवणारे कसे शिकले : बर्कलीच्या गणितवर्गाचा इतिहास

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी एखादा विद्यार्थी अनुत्तीर्ण झाला, की त्याची कारणे सांगणाऱ्यांची वाण पडत नाही. मन लावून अभ्यास केला नाही. शाळेतला पाया कच्चा होता. घरात शिक्षणाची परंपरा नाही. परिस्थिती बेताची आहे. ही चार उत्तरे आपण सर्वांनी ऐकली आहेत. त्यांत एक गोष्ट समान आहे. दोष शोधायचा तो विद्यार्थ्यात किंवा त्याच्या घरात. वर्गात काय घडते आणि शिकवणाऱ्याला आपल्या विद्यार्थ्यांविषयी काय ठाऊक असते, हा प्रश्न त्यांत येतच नाही. अमेरिकेतील एका विद्यापीठात सुमारे पन्नास वर्षांपूर्वी तो विचारला गेला. त्याचा इतिहास आमच्या वाचकांना, आणि घराण्यात ज्यांची मुले प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढत आहेत त्यांना विशेषेकरून, ठाऊक असावा असे आम्हांस वाटते.

ते विद्यापीठ म्हणजे बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ. १९६४ साली अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा संमत झाला. त्याच वर्षी बर्कलीतील गणितज्ञ लिऑन हेंकिन आणि संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांच्या पुढाकाराने तेथील प्राध्यापकांची एक समिती स्थापन झाली. उपेक्षित समाजांतील होतकरू मुलांना हेरून त्यांना विद्यापीठाच्या दारापर्यंत आणणे, हे तिचे काम होते. विद्यार्थी येऊ लागले. पण दार उघडले म्हणजे वाट सोपी झाली असे नव्हे. आत शिरल्यावर पहिलीच भिंत होती ती कलनशास्त्राची, म्हणजे ज्याला आपल्या महाविद्यालयांत कॅलक्युलस म्हणतात त्या विषयाची. विज्ञान आणि अभियांत्रिकी यांचे शिक्षण या एका विषयावाचून अडते. त्या काळच्या एका दशकात बर्कलीत पहिल्या सत्राचे कलनशास्त्र पूर्ण करणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ ६० टक्क्यांना शेवटच्या दोन श्रेणींतले गुण मिळत. उच्चशिक्षणाचे स्वप्न पहिल्या काही महिन्यांतच संपत असे.

यूरी ट्राइझमन हे त्या वेळी बर्कलीत गणिताचे संशोधक विद्यार्थी होते. अमेरिकन विद्यापीठांत मोठ्या वर्गाला प्राध्यापक व्याख्यान देतात आणि त्याच वर्गाच्या लहान तुकड्यांना उदाहरणे सोडवून दाखवण्याचे काम संशोधक विद्यार्थी करतात. या शिक्षक-साहाय्यकांना अध्यापनाचे प्रशिक्षण देण्याचे काम ट्राइझमन यांच्याकडे आले. सर्वांत चांगले आणि सर्वांत कच्चे विद्यार्थी कोणते, अशी विचारणा त्यांनी साहाय्यकांकडे केली. उत्तरांतून दिसले, की चांगल्यांत चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांची नावे वारंवार येत आणि कच्च्यांत कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकन वंशाच्या विद्यार्थ्यांची. असे का, हे त्यांनी प्राध्यापकांना विचारले तेव्हा जी उत्तरे आली, ती आरंभी सांगितलेली चारच होती : जिद्द नाही, पूर्वतयारी नाही, घरचा पाठिंबा नाही, पैसा नाही.

ट्राइझमन यांनी ही उत्तरे स्वीकारली नाहीत, की नाकारलीही नाहीत. त्यांनी ती तपासली. वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी घेऊन ते सुमारे दीड वर्ष त्यांच्या मागे राहिले. हे विद्यार्थी केव्हा, कोठे आणि कोणाबरोबर अभ्यास करतात, हे त्यांनी वसतिगृहांत जाऊन पाहिले. चारही उत्तरे या तपासात टिकली नाहीत. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आपापल्या शाळेत पहिले आलेले होते. कित्येक आपल्या चर्चच्या युवक मंडळांचे पुढारी होते. त्यांच्या आईवडिलांनी मुलांच्या उच्चशिक्षणाचा ध्यास पूर्वीपासूनच घेतलेला होता. प्रवेशपरीक्षेत उत्तम गुण मिळवलेले विद्यार्थीही अडखळत होते.

मग फरक कशात होता? कृष्णवर्णीय विद्यार्थी वर्गाला नियमित येत, गृहपाठ वेळेवर देत आणि सांगितले होते तेवढे तास, म्हणजे आठवड्याला सहा ते आठ तास, अभ्यास करीत. पण तो एकट्याने. वीसपैकी अठरा जण वर्गातील कोणाबरोबरही कधी अभ्यासाला बसत नसत. त्यांचे मित्र वेगळे आणि अभ्यास वेगळा. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी एकट्याने उदाहरणे सोडवीत आणि मग एकत्र जमत. एकमेकांची उत्तरे ताडून पाहत, चूक कोठे झाली हे शोधत, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवीत. त्यांचा अभ्यास आठवड्याला सुमारे चौदा तासांचा होई. मुख्य म्हणजे, आपण वर्गात कोठे आहोत हे त्यांना परीक्षेपूर्वीच कळत असे. एकट्या विद्यार्थ्याला ते परीक्षेचा निकाल हाती येईपर्यंत कळत नसे. आणि मग तो स्वतःच्या बुद्धीविषयीच साशंक होई. अनुत्तीर्णांसाठी विद्यापीठाने मदतवर्ग ठेवले होते. पण शाळेत पहिला आलेला मुलगा ‘कच्च्यांच्या’ वर्गात जाऊन बसणार कसा? तो एक तर जात नसे, किंवा फार उशिरा जात असे.

या निरीक्षणातून १९७८ साली गणिताची कार्यशाळा सुरू झाली. तिची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे. विद्यार्थ्यांना बोलावले ते कच्चे म्हणून नव्हे, तर उत्तम यश मिळवू शकणारे म्हणून. नेहमीच्या वर्गाला जोडून आठवड्यातून काही तास ते लहान गटांत बसत. त्यांच्यापुढे सोप्या उजळणीऐवजी मुद्दाम कठीण उदाहरणे ठेवली जात. मार्गदर्शक गटांमधून फिरत असे; पण उत्तर सांगण्याची घाई करीत नसे. विद्यार्थ्याने आपली रीत दुसऱ्याला समजावून सांगायची, दुसऱ्याने तीतील खोट काढायची, असा तो परिपाठ होता. १९९० साली ट्राइझमन आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट फुलिलव्ह यांनी या कार्यशाळेचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. कार्यशाळेत न आलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या मानाने आलेल्यांत चांगली श्रेणी मिळवणाऱ्यांचे प्रमाण कितीतरी अधिक होते आणि अनुत्तीर्णांचे अगदी थोडे. विद्यार्थी त्याच समाजांतून आलेले, घरे तशीच, विषयही तोच. पालटली होती ती शिकण्याची व्यवस्था.

टेक्सास विद्यापीठासह इतर अनेक ठिकाणी हा प्रयोग पुढे गेला. मात्र यातून दोन चुकीचे अर्थ निघू शकतात. एक म्हणजे, अमुक वंशाची मुले उपजतच एकत्र अभ्यास करणारी आणि तमुक वंशाची एकटी, असा नवाच शिक्का मारणे. पाहणी अवघ्या चाळीस विद्यार्थ्यांची होती. तिने सवयी दाखवल्या, स्वभाव नव्हेत. दुसरा अर्थ असा, की चार मुलांना एका टेबलाभोवती बसवले म्हणजे काम झाले. कठीण उदाहरणे, जाणता मार्गदर्शक आणि ‘तुम्हांला हे जमेल’ हा शिक्षकाचा खरा विश्वास, हे तिन्ही असल्यावाचून गट म्हणजे नुसता घोळका.

शिक्षकाचा विश्वास ही केवळ भावनेची बाब नाही, हे पुढील संशोधनाने दाखवले. २०१९ साली एका अमेरिकन विद्यापीठातील १५० प्राध्यापक आणि त्यांचे १५,००० हून अधिक विद्यार्थी यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न बदलणारी गोष्ट आहे असे मानणाऱ्या प्राध्यापकांच्या वर्गांत निरनिराळ्या वंशांच्या विद्यार्थ्यांच्या यशातील अंतर इतर वर्गांच्या दुपटीपर्यंत मोठे होते. २०२० साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्षही असाच बोलका आहे. केवळ व्याख्यान न देता विद्यार्थ्यांना वर्गात प्रत्यक्ष विचार करायला लावणाऱ्या अध्यापनाने उपेक्षित विद्यार्थी आणि इतर यांच्या परीक्षेतील गुणांमधले अंतर सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. म्हणजे महाविद्यालयीन शिक्षकाने विषय जाणणे पुरेसे नाही. आपल्यासमोर कोण बसले आहे आणि ते कसे शिकते, हेही त्याने शिकायला हवे. ही जाणीव तशी अलीकडचीच. मिशिगन विद्यापीठाने प्राध्यापकांच्या अध्यापनासाठी स्वतंत्र केंद्र काढले ते १९६२ साली.

आपल्या देशातही याची दखल घेतली गेली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन अध्यापकांसाठी प्रशिक्षण केंद्रे उभारली. पुणे आणि नागपूर येथील विद्यापीठांतही ती निघाली. नव्या प्राध्यापकांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि अनुभवी प्राध्यापकांसाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग असे. या वर्गांची हजेरी बढतीशी जोडलेली होती. केंद्रांची नावे २०१५ साली बदलली आणि २०२३ साली पुन्हा बदलून ती मालवीय मिशनशी जोडली गेली. नावे बदलोत, व्याख्याने ऐकून प्रमाणपत्र घेणे हा प्रशिक्षणाचा अर्धाच भाग आहे, हे बर्कलीचा इतिहास सांगतो. उरलेला अर्धा भाग वसतिगृहात, वाचनालयात आणि मागच्या बाकावर आहे. तेथे शिक्षकाला स्वतः जाऊनच पाहावे लागते.

हा इतिहास पालकांनाही एक गोष्ट शिकवून जातो. मुलगा किंवा मुलगी शहरातल्या महाविद्यालयातून घरी आली, की ‘किती तास अभ्यास केलास?’ असे आपण विचारतो. प्रश्न योग्यच आहे. पण त्याच्या जोडीला आणखी एक विचारावा : ‘कोणाबरोबर अभ्यास केलास?’ उत्तर ‘कोणाबरोबरही नाही’ असे आले, तर निकालाची वाट न पाहता त्याच दिवशी काहीतरी करावे. वस्तीत त्याच विषयाची आणखी दोन मुले असतील, वर्षभर पुढे असलेली एखादी ताई असेल, सायंकाळी रिकामे पडलेले एखादे सभागृह असेल. एवढ्या साधनांनिशी आरंभ होऊ शकतो. फक्त त्या मुलांना कच्ची म्हणून बोलावू नये.