चार नियम आणि एक कायदा : ब्रिटनमधील प्राणिप्रयोगांचे नियमन व शास्त्रीय संस्था (१८७०–१९१२)

शास्त्रज्ञांची संस्था सार्वजनिक धोरणाविषयी बोलू लागते, तेव्हा ती दुहेरी नात्याने बोलत असते. विषयाचे ज्ञान तिच्यापाशी असते, हे एक नाते. आणि त्या धोरणाने ज्यांच्यावर बंधन यावयाचे ते बहुधा तिचेच सभासद असतात, हे दुसरे. पहिल्या नात्यामुळे तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते, दुसऱ्यामुळे त्याविषयी संशय घेतला जातो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा घडतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये प्राणिप्रयोगांविषयी झालेल्या वादात जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

शरीरक्रियाविज्ञान हे प्रयोगनिष्ठ शास्त्र म्हणून प्रथम फ्रान्स व जर्मनीत वाढीस लागले. इंग्लंडात ते मागाहून आले. परंतु जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांविषयीची लोकांची नापसंती तेथे आधीपासूनच होती. ही नापसंती लक्षात घेऊन ब्रिटिश असोसिएशन या संस्थेने १८७० च्या लिव्हरपूल येथील अधिवेशनात एक समिती नेमली आणि १८७१ साली तिचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात चार नियम होते. भूल देऊन जो प्रयोग करता येतो, तो भूल दिल्यावाचून करू नये. जे सत्य आधीच सिद्ध झाले आहे, ते केवळ विद्यार्थ्यांस दाखविण्यासाठी वेदनादायक प्रयोग करू नये. नव्या सत्याच्या शोधार्थ असा प्रयोग करणे अवश्य झाले, तर तो कुशल व्यक्तीने, पुरेशी साधने असलेल्या प्रयोगशाळेत, योग्य नियमांखालीच करावा. आणि केवळ हात बसावा म्हणून पशुवैद्यकाच्या शिक्षणात जिवंत जनावरांवर शस्त्रक्रिया करू नयेत.

संशोधन, अध्यापन आणि नियंत्रण या तिन्ही अंगांचा विचार या चार वाक्यांत आलेला आहे. ते कोणी बाहेरून लादलेले नव्हते. शास्त्रज्ञांनी ते आपण होऊन मान्य केले होते. तथापि ते पाळले जातात की नाही हे पाहणार कोण, याविषयी अहवालात काहीच व्यवस्था नव्हती. नियम होते, परंतु त्यांना राखणदार नव्हता.

ही उणीव दोनच वर्षांत उघडी पडली. १८७३ साली प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यांसाठी शरीरक्रियाविज्ञानाची एक मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. तिचे संपादक जॉन बर्डन-सँडरसन हे होते, आणि १८७१ च्या समितीवरही ते होते. ग्रंथ नवशिक्यांसाठी आहे असे प्रस्तावनेत म्हटले होते. मात्र त्यातील प्रयोगांच्या वर्णनांत भूल देण्याचा उल्लेख क्वचितच आढळे. भूल देणे गृहीतच धरले होते, असा खुलासा पुढे करण्यात आला. परंतु सामान्य वाचकाने ग्रंथात जे छापलेले पाहिले, त्यावरूनच मत बनविले. १८७४ च्या ऑगस्टमध्ये नॉर्विच येथे ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या बैठकीत मान्यां या फ्रेंच वैद्याने कुत्र्यांच्या शरीरात ॲब्सिंथ हे मद्य टोचून त्याचा परिणाम दाखविला. प्राणिक्रौर्यविरोधी संस्थेने त्यावरून फिर्याद केली. फिर्याद टिकली नाही. पण प्रचलित कायदा अशा प्रसंगी अपुरा पडतो, ही जाणीव सर्वत्र पसरली.

फ्रान्सिस पॉवर कॉब या बाईंनी चळवळीचे नेतृत्व केले, आणि १८७५ च्या मे महिन्यात आठवडाभराच्या अंतराने दोन विधेयके पार्लमेंटपुढे आली. लॉर्ड हेनिकर यांचे विधेयक विरोधकांच्या बाजूचे होते. लायन प्लेफेअर यांचे विधेयक शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने तयार झाले होते, आणि त्यामागे चार्ल्स डार्विन यांचाही हात होता. सरकारने दोन्ही बाजूस सारून लॉर्ड कार्डवेल यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला. टी. एच. हक्सली आयोगाचे सभासद होते, तसेच प्राणिप्रयोगांचे टीकाकार आर. एच. हटन हेही होते.

आयोगापुढे एमानुएल क्लाइन या शास्त्रज्ञाची साक्ष झाली. आपण मुख्यतः स्वतःच्या सोयीसाठी भूल देतो, प्रयोग करताना प्राण्याच्या वेदनेचा विचार आपल्या मनात येत नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. क्लाइन हा वर सांगितलेल्या मार्गदर्शिकेच्या लेखकांपैकी एक होता. अन्य साक्षीदारांनी जे काळजीपूर्वक मांडले होते, त्यावर या एका साक्षीने पाणी पडले; खुद्द हक्सलीही अस्वस्थ झाले. १८७६ च्या जानेवारीत आयोगाने अहवाल दिला आणि प्रयोगांवर कायद्याचे नियंत्रण असावे अशी शिफारस केली.

आता कायदा होणार हे निश्चित झाले. १८७६ च्या ३१ मार्च रोजी बर्डन-सँडरसन यांच्या लंडनमधील घरी एकोणीस जण जमले आणि फिजिऑलॉजिकल सोसायटीची स्थापना झाली. निबंधवाचन, नियतकालिके, विद्वानांचा परस्परपरिचय हे सर्व पुढचे. ही संस्था प्रथम जन्मास आली ती येऊ घातलेल्या कायद्याचा विचार करण्यासाठी.

लॉर्ड कार्नार्व्हन यांनी मे महिन्यात मांडलेले विधेयक कडक होते. कुत्री व मांजरे त्यातून सर्वस्वी वगळली होती. वैद्यक व्यावसायिकांनी गृहमंत्री क्रॉस यांच्यापुढे आपले म्हणणे मांडले, विधेयकात फेरफार झाले आणि १५ ऑगस्ट १८७६ रोजी कायदा मंजूर झाला. प्रयोगास परवाना आवश्यक ठरला. भूल हा सर्वसाधारण नियम ठरला. अध्यापनासाठी करावयाच्या प्रयोगांस, तसेच कुत्री व मांजरे यांच्यावरील काही प्रयोगांस, विशेष प्रमाणपत्र लागू लागले. केवळ हस्तकौशल्य मिळविण्यासाठी प्रयोग करण्यास मात्र कोणत्याही प्रमाणपत्राने मुभा मिळेना.

१८७१ चे चार नियम शेजारी ठेवून हा कायदा वाचला, तर दोहोंतील साम्य नजरेत भरते. शास्त्रज्ञांचे नियम चुकीचे होते म्हणून कायदा आला नाही. ते योग्य होते. परंतु त्यांच्या पालनाची हमी देण्यास नियम करणारे पुढे आले नाहीत, म्हणून ते काम राज्यसंस्थेने हाती घेतले.

परंतु इतिहास येथे संपत नाही. परवान्याच्या अर्जावर रॉयल सोसायटी, वैद्यकांची महाविद्यालये अशा मान्य संस्थांपैकी एखाद्या संस्थेच्या अध्यक्षाची सही असावी, अशी तरतूद कायद्यातच होती. म्हणजे ज्यांचे नियमन करावयाचे, त्यांच्याच संस्था नियमनाच्या दारावर उभ्या राहिल्या. १८८२ साली वैद्यकीय संशोधनाच्या पुरस्कारासाठी एक नवी संघटना स्थापन झाली आणि गृहखाते अर्जांबाबत तिचा सल्ला घेऊ लागले. सरकारी अधिकाऱ्यांस शास्त्राची माहिती नव्हती. तेव्हा त्यांस जाणकारांचा सल्ला हवा होता, यात गैर काही नाही. परंतु संशोधनाचा पुरस्कार करणारी संघटनाच संशोधकाच्या अर्जावर अभिप्राय देते, ही गोष्ट विरोधकांच्या डोळ्यांत सलत राहिली. १९०६ साली दुसरा शाही आयोग नेमला गेला आणि १९१२ च्या त्याच्या अहवालानंतर सल्ल्याचे काम स्वतंत्र समितीकडे गेले. स्वतः १८७६ चा कायदा मात्र १९८६ पर्यंत टिकला.

या इतिहासाचा धागा आपल्या देशापर्यंतही येऊन पोचतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून भारतीय संसदेने १९६० साली प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा केला. नव्या ज्ञानाच्या शोधार्थ केलेल्या प्रयोगांस त्यात मुभा आहे. तिचे शब्द १८७६ च्या कायद्यातील शब्दांशी जुळतात. केवळ हस्तकौशल्यासाठी प्रयोग होऊ नयेत, आणि पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांनी भागत असेल तेथे अध्यापनातही प्रयोग टाळावेत, हे पाहण्याचे काम त्याने एका समितीवर सोपविले. १८७१ मध्ये एका शास्त्रीय संस्थेने स्वेच्छेने उच्चारलेले वाक्य नव्वद वर्षांनी येथे कायद्याचे कलम होऊन आले.

यावरून शास्त्रीय संस्थांनी सार्वजनिक प्रश्नांवर मौन पाळावे, असा निष्कर्ष काढणे उचित होणार नाही. १८७१ चा अहवाल नसता, तर कायदा करणाऱ्यांस अधिक आंधळेपणाने कायदा करावा लागला असता. निष्कर्ष निघतो तो एवढाच की, संस्थेच्या भूमिकेची किंमत तिच्या शब्दांवरून ठरत नाही. ती भूमिका प्रथम आपल्याच सभासदांस लागू करण्याची, आणि ती लागू झाली की नाही हे त्रयस्थास पाहू देण्याची तयारी तिच्यात किती आहे, यावरून ती ठरते.