दोन यंत्रं, एक मात्रा
आता आपण जानेवारी १९८३ मध्ये येऊ. अमेरिकेत अनाहाइमच्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ केबलने जोडले गेले. एकाची पट्टी दाबली की दुसराही वाजला. स्पर्धक कंपन्या बरं का, एक अमेरिकन, एक जपानी!

त्याआधी काय होतं? लय जुळवायला यंत्रं एकमेकांना विजेचे ठोके पाठवायची. पण एका मात्रेला रोलंडचे ठोके २४, कॉर्गचे ४८, ओबरहाइमचे ९६. म्हणजे कॉर्गच्या ठोक्यांवर रोलंड लावला की तो थेट दुगुनीत पळणार.

मिडीने २४ हा आकडा पक्का केला. या ठोक्यात वेळ लिहिलेली नसते, ती नुसती टाळी असते. ‘सुरू’, ‘थांब’, ‘पुढे चालू’ हे संदेश वेगळे. म्हणून एक यंत्र टाळी देणार, दुसरं ती मोजत चालणार. दोघांनी आपापलं घड्याळ धरलं, तर दोन्हीकडे १२० लय लावूनही हळूहळू सम सुटते.

आणि हे मानक वापरायला परवान्याचे पैसे ठेवले नाहीत. आम्हाला तरी सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना तांत्रिक ग्रॅमी मिळालं ते २०१३ मध्ये, ३० वर्षांनी.