जुलाब आणि पेज

मराठीत 'जुलाब' हा एक विलक्षण शब्द आहे. 'जुलाब घेतला' म्हटले म्हणजे औषध आणि 'जुलाब झाले' म्हटले म्हणजे रोग! उपाय आणि अपाय ही दोन्ही आपण एकाच शब्दाने बोलून दाखवतो आणि त्यात काही वावगे आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. शब्दाचे मूळ तर याहून निराळे आहे. फारसीतील 'गुलाब', म्हणजे गुलाबपाणी, अरबीत गेले तेव्हा त्याचा 'जुलाब' झाला आणि त्याचा अर्थ होता गोड सरबत. हकिमांच्या औषधयोजनेत वावरता वावरता सरबताचे हे नाव आपल्याकडे रेचकाला चिकटले, ते कायमचेच. इंग्रजांकडे हाच शब्द 'जूलेप' होऊन गेला आणि तिकडे तो अद्याप पेयच राहिला आहे.

घरच्या घरी करावयाच्या शरीरशुद्धीचा इतिहास हा या निबंधाचा विषय आहे, आणि तो केवळ जिज्ञासेपोटी आम्ही घेतलेला नाही. 'डिटॉक्स' या नव्या नावाने हल्ली काढ्यांच्या पुड्या, तीन दिवसांचे रसाहार आणि बस्तीची साधने सर्रास विकली जातात. विकणारे सांगतात की शरीरात साठलेला मळ हेच साऱ्या रोगांचे मूळ आहे आणि आमच्या पूर्वजांनी हे हजारो वर्षांपूर्वीच ओळखले होते. यांपैकी पूर्वजांनी काय सांगितले होते आणि मागाहून त्यांच्या नावावर काय घातले गेले, हे एकदा निवडून पाहिले पाहिजे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधरावा अध्याय उघडावा. वमन किंवा विरेचन द्यावयाचे तर आधी काय सिद्धता असावी, याचे तेथे जे वर्णन आहे ते वाचून आजचा वाचक थक्क होतो. घर भक्कम हवे, वारा थेट अंगावर येऊ नये, धूर आणि धूळ नसावी. स्वयंपाकघर, शौचकूप, न्हाणीघर यांची सोय हवी. सेवक चतुर आणि प्रेमळ हवेत, गाणारे-वाजवणारे हवेत, दुभती गाय दारात हवी, आणि काही बिघडलेच तर उतारा म्हणून लागणारी औषधेही आधीच जवळ हवीत. मग स्नेहन आणि स्वेदन, त्यानंतर औषध, आणि औषध लागू पडत असता वैद्याने जवळ बसून वेगांवर लक्ष ठेवावयाचे. एवढे झाले तरी काम संपले नाही. जुन्या तांबड्या तांदळाची पातळ पेज प्रथम द्यावयाची, काही जेवणांनंतर ती दाट करावयाची, मग कढण, मग भात, अशा क्रमाने सात दिवसांत रोग्याला त्याच्या नित्याच्या आहारावर आणावयाचे. या क्रमाला संसर्जनक्रम म्हणतात. शोधनाने अग्नी मंद होतो, तो हळूहळू फुंकून चेतवावा लागतो, अशी त्यामागची कल्पना आहे. पोट रिते करण्यास एक दिवस आणि भरून काढण्यास सात, हे प्रमाण वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

ही सामग्री राजाला किंवा धनवंतालाच परवडणार, हे ग्रंथकाराला ठाऊक होते. म्हणून त्याच अध्यायाच्या अखेरीस तो मोठ्या समंजसपणे म्हणतो की दरिद्री माणसावर आपत्ती आली आणि शोधनाची वेळ येऊन ठेपली, तर दुर्लभ सामग्री नसतानाही त्याने औषध घ्यावे. कारण सर्वांपाशी सर्व साधने नसतात म्हणून दारुण रोग दरिद्र्याला सोडीत नाहीत. घरगुती शुद्धीला आपल्या परंपरेने दिलेली परवानगी म्हणावयाची तर ती ही. ती आपत्कालासाठी दिलेली आहे. दर महिन्याला, काही होत नसताना, केवळ मनाच्या समाधानासाठी पोट झाडून काढावे असा अर्थ तीतून कोणी काढू नये.

हठयोग्यांची धौती, बस्ती, नेती ही षट्कर्मे वेगळ्या घराण्याची. पण तेथेही सावधगिरी आहेच. ज्याच्या अंगी मेद आणि कफ अधिक त्यानेच ही कर्मे करावीत, इतरांनी करू नयेत, असे हठप्रदीपिका स्वच्छ सांगते. योग्यांच्या बस्तीत नळी आणि पाण्याचे भांडे टांगलेले नसते. नौली करून पाणी आत ओढून घ्यावयाचे असते. हे खरोखर घडते की सांगोवांगीच्या गोष्टी, याचा छडा स्वामी कुवलयानंदांनी लावला. त्यांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापले आणि क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात अंशतः निर्वात अवस्था निर्माण होते हे मोजून दाखवले; आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ तिला माधवदासांचे नाव दिले. परंपरेविषयी आदर बाळगायचा तर तो असा, मोजपट्टी हातात घेऊन!

मग 'सारे रोग मळातून' हा सिद्धान्त आला कोठून? तो या रूपात मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील युरोपातून आला. लाइपझिगच्या लुई कूने याने असे प्रतिपादिले की रोग अनेक नाहीत, एकच आहे. शरीरात साठलेले विजातीय द्रव्य हे त्याचे कारण, आणि ते घालविण्याचा उपाय म्हणजे कटिस्नान, बाष्पस्नान आणि साधा आहार. त्याच सुमारास, 1887 साली, पॅरिसचे प्राध्यापक शार्ल बुशार यांनी आतड्यातील विषे रक्तात भिनून माणूस आतल्या आत विषबाधित होतो, अशी उपपत्ती व्याख्यानांतून मांडली. मेचनिकॉफसारख्या थोर शास्त्रज्ञाने मोठे आतडे हे माणसाच्या म्हातारपणाचे उगमस्थान ठरवले. लंडनमध्ये सर आर्बथनॉट लेन यांनी तर बद्धकोष्ठाच्या रोग्यांची मोठी आतडीच कापून काढण्याचा सपाटा लावला. आतड्याचा एवढा धाक माणसाने पूर्वी कधी घेतला नसेल. एनिमाचे भांडे घरोघरी खुंटीला लागले ते याच काळात.

या उपपत्तीचे पितळ उघडे पडले तेही एका साध्या निरीक्षणाने. 1919 साली वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकन वैद्याने विचारले की कोठा साफ न झाल्याने डोके दुखते, सुस्ती येते, हे खरे. पण शौचास झाल्याबरोबर काही क्षणांत बरे वाटते ते कसे? विष रक्तात भिनले असेल तर ते इतक्या झटपट कसे उतरेल? ही लक्षणे विषाची नसून ताणाची आहेत, असे त्याचे म्हणणे. पुढे काही निरोगी माणसांच्या गुदमार्गात नुसता कापूस भरून पाहण्यात आला, आणि तशीच डोकेदुखी, तशीच बेचैनी उत्पन्न झाली. कापसात विष कोठून असणार! शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करीत असतात. त्यांना रविवारच्या सुटीची गरज नसते.

आपल्याकडे हा युरोपीय निसर्गोपचार लोकप्रिय झाला तो प्रामुख्याने गांधीजींमुळे. कूने आणि आडोल्फ यूस्ट यांची पुस्तके त्यांनी दक्षिण आफ्रिकेत वाचली होती. 1902 साली मुंबईत गिरगावात राहत असता त्यांचा मुलगा मणिलाल विषमज्वराने अंथरुणास खिळला. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा सुचविला. गांधीजींनी नकार देऊन कूनेची कटिस्नाने आणि ओल्या चादरीची घडी यांचा अवलंब केला. ही हकिकत सर्वश्रुत आहे. परंतु तिच्यातील दोन गोष्टी निसर्गोपचाराचे भक्त सहसा सांगत नाहीत. एक, नाडी आणि छाती तपासण्यासाठी येत राहा, अशी विनंती गांधीजींनी त्याच डॉक्टरांना केली होती. दुसरी, ताप उतरल्यावर पुढे चाळीस दिवस त्यांनी मुलाला पाणी घातलेले दूध आणि फळांचे रस यांवर जपले. मुलगा ईश्वरकृपेने बरा झाला, पाण्याने की पथ्याने आणि शुश्रूषेने, हे कोण सांगणार, असेच त्यांनी आत्मकथेत म्हटले आहे. 1924 च्या जानेवारीत आंत्रपुच्छाचा विकार झाला तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून शस्त्रक्रिया करून घेण्यास त्यांनी संमती दिली, हे पुणेकरांना सांगावयास नको. पुढे डॉ. दिनशा मेहता यांचे पुण्यातील निसर्गोपचारगृह आणि 1946 साली उरुळी कांचन येथे सुरू झालेले, मणिभाई देसाई यांनी वाढविलेले काम, यांमुळे आपला प्रांत या चळवळीचे माहेरघर झाला.

या सर्वांहून जुनी आणि घरगुती अशी आपली एक चाल आहे, ती म्हणजे सुट्टीच्या दिवशी सकाळचे एरंडेल. सुंठीच्या काढ्यात किंवा चहात घातलेले ते बुळबुळीत तेल, नाक दाबून धरणारी आजी आणि पळून गेलेली भावंडे हे साठी ओलांडलेल्या पुष्कळांच्या आठवणीत असेल. आम्हांस या चालीत एक गोष्ट मोठी शहाणपणाची वाटते, आणि ती एरंडेल नव्हे. त्या दिवशी मुलांना हुंदडू देत नसत आणि जेवणात गुरगुट्या भात, तूप, मीठ, फार तर मेतकूट, एवढेच असे. आजीने चरक वाचलेला नव्हता. पण संसर्जनक्रमाचा धागा तिच्या हाती होता. आजच्या पुडीवर घेण्याची मात्रा छापलेली असते, पेजेचे नाव नसते.

पेज गळाली म्हणजे काय होते, याचा पुरावा पटकीच्या इतिहासात आहे. 1817 साली बंगालमधून उसळलेली ही साथ पुढल्याच वर्षी मुंबई इलाख्यात पोहोचली आणि मग शंभर वर्षांहून अधिक काळ वाऱ्या-यात्रांच्या मागे लागली. रोग्याच्या शरीरातील पाणी आणि क्षार काही तासांत वाहून जात. अशा रोग्याला वैद्यकीने काय द्यावे? कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचे रेचक, आणि वर रक्तमोक्षण! लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील जॉर्ज जॉन्सन यांनी 1854 च्या साथीत दर अर्ध्या तासाला एरंडेल पाजण्याचा पुरस्कार केला. त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे: जुलाब हा शरीराने विष बाहेर टाकण्यासाठी चालविलेला प्रयत्न आहे, तेव्हा त्याला अडवू नये, हातभार लावावा. युक्तिवाद सुसंगत होता. रोगी मरत होते. आपल्याकडेही घाण निघून जाऊ द्या, कोंडू नका, पाणी दिल्यास जुलाब वाढतील, अशा समजुतीने तहानेने व्याकूळ झालेल्या लेकराच्या तोंडचे भांडे आईच दूर करी. तिची माया कमी नव्हती. उपाय आणि अपाय यांना एकच शब्द असल्यावर दुसरे काय होणार!

खरी वाट कोणाला दिसलीच नव्हती असे नाही. 1831-32 च्या साथीत ओ'शॉनेसी या तरुण वैद्याने रोग्यांच्या रक्तातील पाणी आणि क्षार घटल्याचे दाखवले, आणि 1832 साली लीथ येथे टॉमस लाटा यांनी शिरेतून क्षारयुक्त पाणी देऊन मरणाच्या दारातील काही रोगी परत आणले. पण मळाच्या कल्पनेपुढे हे ज्ञान पाऊणशे वर्षे पडून राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यास शिरेतील क्षारजलाने मृत्यूंचे प्रमाण पुष्कळच खाली आणले. मात्र त्याला रुग्णालय, सुई आणि शुद्ध द्राव हवा. 1953 साली कलकत्त्याचेच डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी तोंडाने दिलेल्या मीठ-ग्लुकोजच्या पाण्याचा उपयोग प्रसिद्ध केला, आणि साखरेच्या सोबतीने आतडे मीठ व पाणी शोषून घेते हे शास्त्रज्ञांनी पुढे सिद्ध केले.

कसोटी लागली ती 1971 साली. पूर्व बंगालमधील निर्वासितांच्या लोंढ्यात बनगावच्या छावणीत पटकी शिरली. जमिनीवर रोगी दाटीवाटीने पडलेले, शिरेतून द्यावयाचे पाणी संपत आलेले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पाण्यात मिसळले, पिंपे भरून ठेवली, आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले. सुमारे 30 टक्क्यांवर असलेले मृत्यू 4 टक्क्यांच्या आत आले. आपण त्या द्रावणाला 'जलसंजीवनी' म्हणू लागलो, ते सार्थच आहे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घरी करता येते. मिठाचे माप मात्र चुकू देऊ नये, कारण अधिक मीठ लहान मुलांना घातक ठरते.

एवढ्यावरून घरगुती शुद्धी सगळीच टाकाऊ, असा निकाल आम्ही देत नाही. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुण्याचा जुनाट सर्दीत उपयोग होतो, असे आजचे वैद्यकही मानते. मात्र पाणी उकळून निववलेले हवे. 2011 साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाचे पाणी जसेच्या तसे नेतीच्या भांड्यात घेतल्याने त्यातील अमीबा मेंदूपर्यंत जाऊन दोघेजण दगावले. एखाद्या दिवशी हलके जेवावे, त्रिफळा घ्यावा, यालाही कोणाची हरकत नसावी. परंतु लहान मूल, गरोदर स्त्री, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा रोगी, यांच्यावर जुलाबाचे प्रयोग घरात करू नयेत. रोज एनिमा घेणाऱ्याचे आतडे आपले काम विसरते आणि क्षारांचा तोल ढळला म्हणजे हृदयाचे ठोके चुकू लागतात.

जलसंजीवनीचा शोध लागल्यानंतर संशोधक आणखी एका प्रश्नाकडे वळले: ग्लुकोजऐवजी घरात असेल ते धान्य चालेल काय? ढाका आणि कलकत्ता येथे तांदळाचे पीठ शिजवून, त्यात मीठ घालून पटकीच्या रोग्यांना देण्यात आले. ग्लुकोजच्या द्रावणापेक्षा या तांदळाच्या पाण्याने जुलाबांचे प्रमाण कमी राहते असे आढळले. विरेचनानंतर प्रथम द्यावयाची म्हणून चरकाने जी सांगितली, ती हीच पेज.