आधी बूड बघा

न्यू मेक्सिकोतल्या फॉल्सम गावाजवळच्या ओढ्यात तुम्ही उतरता, तेव्हा 1927चा ऑगस्ट सरत आलेला असतो. घट्ट मातीत बायसनच्या फासळ्या, आणि त्या फासळ्यांच्या मधोमध एक दगडी टोक. हात पुढे जातो ना? आवरा. डेन्व्हरच्या संग्रहालयाकडून जाणत्या अभ्यासकांना तारा जाताहेत: या, स्वतः पाहा. आदल्या वर्षीची टोकं खणताना जागेवरून सुटली होती, त्यामुळे टोकं आणि हाडं एकाच काळातली का, अशी शंका घ्यायला वाव राहिला. यंदा ती चूक नको.

हा हाडांचा थर पहिल्यांदा हेरला जॉर्ज मॅकजंकिन यांनी, 1908च्या पुरानंतर. टेक्सासात गुलामीत जन्मलेला हा काळा गुराखी. आज मान डोलवायला विद्वान येतील, पण मॅकजंकिन 1922 सालीच गेले.

आता आणखी मागे चला, बारा हजार वर्षांहूनही मागे. ओढा तोच, दिवस शरदाचे. तीसेक बायसन कापून पडलेत, आजच्यांपेक्षा थोराड. तुमच्याजवळ एक कारागीर बसलाय. हातात टेक्सासहून आणलेला, लालसर पट्ट्यांचा अलिबेट्स चर्ट. हरणाच्या शिंगानं दाबून तो कडेच्या बारीक कपच्या उडवतो. मग बुडाशी एक छोटा उंचवटा ठेवून तिथूनच जोर देतो. ऊस सोलताना साल निघावी तशी लांब कपची सुटते आणि पात्यावर पन्हळ उमटते. पालथ्या बाजूवरही तेच. इथंच कैक पाती मोडतात, हेही मोडलं. तो दुसरं घेतो. ते जमल्यावर बुडाच्या कडा घासून बोथट करतो, म्हणजे काठीला बांधलेली तात कापली जाणार नाही.

पन्हळ जवळजवळ टोकापर्यंत गेलीय? मग ते फॉल्सम पातं, याच गावाच्या नावाचं. तिसऱ्या हिश्श्यावर किंवा फार तर निम्म्यावर थांबली, आणि पातं मोठं, जाड असेल, तर क्लोविस, म्हणजे त्याहून जुना प्रकार. हा जुन्या-नव्याचा क्रम नुसता दिसण्यावरून ठरलेला नाही. याच राज्यातल्या ब्लॅकवॉटर ड्रॉमध्ये क्लोविस पाती मॅमथच्या हाडांबरोबर खालच्या थरात मिळाली, फॉल्सम त्यांच्या वरच्या.

लांबीवर मात्र विसंबू नका. टोक मोडलं की शिकारी पुन्हा धार काढतो, पातं आखूड होतं. बांधणीत दडलेलं बूड बहुधा तसंच राहतं. आणि याला बाणाचं टोक म्हणू नका. ही भाल्याची टोकं. धनुष्य इथं यायला अजून दहा हजार वर्षं आहेत.

तेव्हा संग्रहालयात असं पातं दिसलं, तर टोकाआधी बूड बघा. आणि कधी मातीत रुतलेलं सापडलं, तर कृपा करून खिशात घालू नका. जागेवरच फोटो काढा, ठिकाण टिपा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.