अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजे आणि गुन्ह्यांची नोंद : एका व्याख्येचा इतिहास

अमेरिकेतील महाविद्यालयांच्या सुरक्षिततेविषयी जे लिहिले जाते त्याचा आरंभ बहुधा ५ एप्रिल १९८६ ह्या दिवसापासून करण्यात येतो. त्या दिवशी पेनसिल्व्हानिया राज्यातील लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी ह्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीवर तिच्या खोलीतच बलात्कार होऊन तिचा खून झाला. गुन्हेगार त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. वसतिगृहाची आपोआप बंद व्हावयाची दारे कोणी अडकण लावून उघडी ठेवली होती, त्यांतून तो आत शिरला. पुढे तिच्या आईवडिलांनी चालविलेल्या खटपटीमुळे पेनसिल्व्हानियात १९८८ मध्ये व संयुक्त संस्थानांत ८ नोव्हेंबर १९९० रोजी कायदा झाला. संघ-सरकारचे विद्यार्थि-साहाय्य घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्याकडील गुन्ह्यांची आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध केली पाहिजे, असे त्या कायद्याने ठरविले. १९९८ च्या दुरुस्तीने त्यास क्लेरीचे नाव देण्यात आले.

हा वृत्तान्त खरा असला तरी तो अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ह्या इतिहासाचा दुसरा एक उगम वसतिगृहात नसून वाहने उभी करण्याच्या जागेकडील एका जिन्यावर आहे, आणि तो जिना एका कम्युनिटी कॉलेजाचा आहे. वसतिगृहातून जन्मलेल्या कायद्याने जिन्यावरील प्रश्नास कोणते उत्तर दिले, हे येथे पाहावयाचे आहे. लेखकाचा व्यासंग भाषाशास्त्राचा असल्यामुळे त्याचे लक्ष आकड्यांपेक्षा आकड्यांवरील मथळ्यांकडे अधिक जाते, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

प्रथम संस्थेविषयी थोडेसे. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये स्थापन झालेले ज्युनिअर कॉलेज हे अशा सार्वजनिक संस्थांपैकी सर्वांत जुने मानले जाते. 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव मात्र रूढ झाले ते अध्यक्ष ट्रूमन ह्यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाच्या १९४७ च्या अहवालानंतर. नावातील हा बदल केवळ शोभेचा नव्हता. 'ज्युनिअर' ह्या शब्दाने त्या संस्थेचे नाते वरच्या विद्यापीठाशी जोडलेले होते. 'कम्युनिटी' ह्या शब्दाने ते भोवतालच्या गावाशी जोडले गेले. विद्यार्थ्याने घरी राहावे, नोकरी करावी, मुले सांभाळावी आणि संध्याकाळी दोन तास वर्गात येऊन बसावे, ही त्या संस्थेची कल्पना. बहुसंख्य कम्युनिटी कॉलेजांस वसतिगृह नाही, ते ह्याच कारणाने. तेथील विद्यार्थ्यांच्या दिनक्रमात मोटारी उभ्या करण्याचे मैदान जितके येते, तितके ग्रंथालयही क्वचितच येत असेल.

ज्या जिन्याचा वर उल्लेख केला तो सॅन फ्रान्सिस्को येथील सिटी कॉलेजातील होय. २५ एप्रिल १९७८ रोजी एक विद्यार्थिनी वाहनतळाकडील तो जिना चढत असता दाट व न छाटलेल्या झुडपांमागून एका अनोळखी पुरुषाने तिच्यावर झडप घातली व बलात्काराचा प्रयत्न केला. त्याच जिन्यावर, त्याच पद्धतीने पूर्वीही हल्ले झाले होते. कॉलेजच्या चालकांस ते ठाऊक होते आणि बंदोबस्ताचे काही उपायही त्यांनी केले होते. मात्र विद्यार्थ्यांस त्यांनी काहीही सांगितले नव्हते. ही सर्व हकीकत फिर्यादीत मांडलेली आहे. खालच्या न्यायालयाने पुरावा घेण्यापूर्वीच दावा काढून टाकल्यामुळे वरच्या न्यायालयाने ती खरी धरून विचार केला, एवढी सावधगिरी हा निकाल वाचताना बाळगली पाहिजे.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये दावा चालण्यास योग्य ठरविला. शासकीय संस्थेस पुरेसे पोलीस न नेमल्याबद्दल जबाबदार धरता येत नाही, हे न्यायालयास मान्य होते. परंतु झुडपे न छाटणे आणि ठाऊक असलेला धोका न सांगणे ह्या गोष्टी त्या संरक्षणात बसत नाहीत, असे त्याने म्हटले. पोलीस नेमावयास पैसा लागतो. झाडे छाटावयास थोडाच लागतो आणि सूचनेचा कागद लावावयास तर जवळजवळ लागतच नाही. निकालाचा मर्म ह्या साध्या फरकात आहे, असे मला वाटते.

ह्या निकालाचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९१३ मध्ये केंटकीच्या न्यायालयाने बेरिआ कॉलेजच्या एका खटल्यात कॉलेज हे विद्यार्थ्यांच्या आईबापांच्या ठिकाणी आहे, असे तत्त्व मांडले. प्रकरण तसे क्षुल्लक होते. कॉलेजने विद्यार्थ्यांस बाहेरच्या खाणावळीत जाण्याची बंदी केली आणि खाणावळीचा मालक न्यायालयात गेला. परंतु त्यातून निघालेले तत्त्व जवळजवळ पन्नास वर्षे टिकले. धरणे धरणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांस अलाबामा स्टेट कॉलेजने सुनावणी न घेता काढून टाकले, तेव्हा १९६१ मध्ये संघ-न्यायालयाने त्या तत्त्वास मोठा धक्का दिला. विद्यार्थी प्रौढ ठरला. आणि प्रौढ ठरल्याबरोबर त्याच्या रक्षणाची जबाबदारीही कॉलेजवर नाही, असा अर्थ १९७९ च्या सुमारास न्यायालये काढू लागली. पालकत्व गेले, पण त्याच्या जागी दुसरे नाते आले नाही.

ती रिकामी जागा १९८४ च्या निकालाने भरली. कॉलेज हे पालक नव्हे, पण ते जमिनीचे धनी आहे, आणि आपण बोलाविलेल्या माणसांप्रत धन्याची काही कर्तव्ये असतात, हा तो विचार. तो एका कम्युनिटी कॉलेजाच्या निमित्ताने पुढे यावा ह्यात नवल नाही. ह्या संस्था खऱ्या अर्थाने पालक कधी नव्हत्याच. त्यांच्यापाशी विद्यार्थ्याच्या मालकीची रात्र नव्हती, केवळ वर्गाचे तास होते.

१९९० च्या कायद्याने मात्र विचारले ते असे : आवारात किती गुन्हे घडले? येथे व्याख्येचा प्रश्न उभा राहतो. 'कँपस' हा मूळचा लॅटिन शब्द, अर्थ मोकळे मैदान. अमेरिकेत तो अठराव्या शतकात प्रिन्स्टन येथे कॉलेजच्या भूमीस लावण्यात आला. मराठीत आपण 'आवार' व 'परिसर' असे दोन शब्द योजतो. आवारास कुंपण अभिप्रेत असते. परिसर माणसाच्या वावरण्याबरोबर विस्तारतो. कायद्यास आवार हवे होते. कम्युनिटी कॉलेजाचा विद्यार्थी राहतो परिसरात.

१९९८ नंतरच्या तक्त्यात स्थळांचे चार रकाने आहेत : आवार, आवारातील निवासस्थाने, आवाराबाहेरील पण संस्थेच्या ताब्यातील वास्तू, आणि लगतची सार्वजनिक जागा. कम्युनिटी कॉलेजाच्या तक्त्यात दुसरा रकाना बहुधा रिकामाच असावयाचा. चौथ्यात कॉलेजला लागून असलेला पदपथ, रस्ता व पलीकडचा पदपथ मोजावयाचा. त्यापुढील पाऊल मोजावयाचे नाही. तिसरा रकाना तर फारच मनोरंजक आहे. समजा, कॉलेजने दूरच्या गावातील शाळेचा एक वर्ग मंगळवारी व गुरुवारी संध्याकाळी सहा ते नऊ ह्या वेळेपुरता लेखी कराराने भाड्याने घेतला. तर ती खोली, आणि तिच्याकडे जाण्याचा मार्ग, तेवढ्याच तासांपुरती कॉलेजच्या ताब्यातील वास्तू ठरते. आता कॉलेजातील ज्या कारकुनाकडे हे काम आले असेल त्याने त्या गावच्या पोलिसांस विचारावयाचे की, अमुक खोलीत अमुक वारी अमुक तासांत काय घडले. पोलिसांनी उत्तर दिले नाही तर प्रामाणिक प्रयत्न केल्याची नोंद ठेवून त्याने पुढे जावे. मोठ्या विद्यापीठात ह्या कामास स्वतंत्र कचेरी असते. येथे ते बहुधा दुसरी चार कामे असणाऱ्याच्या वाट्यास येते. केंद्रीय शिक्षण खात्याने ह्या सर्वांच्या मार्गदर्शनासाठी २००५ पासून एक पुस्तिका काढली. तिची २०१६ ची आवृत्ती अडीचशेहून अधिक पानांची झाली, आणि २०२० च्या ऑक्टोबरात ती मागेच घेण्यात आली.

गुन्हा कोणास सांगितला म्हणजे तो 'सांगितला' ठरतो, ह्याचीही व्याख्या आहे. पोलीस व पहारेकरी, विद्यार्थिव्यवहार पाहणारे अधिकारी, खेळांचे मार्गदर्शक, विद्यार्थिमंडळांचे सल्लागार ह्यांस सांगितलेला गुन्हा मोजला जातो. केवळ वर्गात शिकविणारा अध्यापक त्यांत येत नाही. कम्युनिटी कॉलेजात अंशकालीन अध्यापकांची संख्या मोठी. संध्याकाळच्या वर्गानंतर एखादी विद्यार्थिनी ज्या माणसापाशी थांबून बोलते तो बहुधा असा अध्यापक असतो. तिने बोलून दाखविले, त्याने ऐकले. पण कायद्याच्या भाषेत ह्या संभाषणास श्रोता नाही. उलट एक गोष्ट संस्थेस जाचक परंतु योग्य आहे. निराधार म्हणून एखादी नोंद गाळावयाची तर तो अधिकार केवळ शपथबद्ध पोलिसांस आहे. ज्या कॉलेजापाशी नुसते पहारेकरी आहेत त्यास आपल्या मर्जीने आकडा कमी करता येत नाही.

अशा रीतीने तयार झालेल्या तक्त्यात पुष्कळ वेळा शून्य येते. ह्या शून्याचे वाचन कसे करावे? वसतिगृह असलेल्या संस्थेच्या आकड्याशेजारी ते ठेवले तर कम्युनिटी कॉलेज अत्यंत सुरक्षित भासते. वास्तविक तेथील विद्यार्थिनीवर जो अत्याचार व्हावयाचा तो भाड्याच्या घरात, बसच्या थांब्यावर, कामाच्या ठिकाणी होतो. आणि ती जागा रकान्याबाहेर आहे. शिवाय तक्ता घडलेल्या गुन्ह्यांचा नसून कळविलेल्या गुन्ह्यांचा असतो. ज्या संस्थेने तक्रारीची वाट सोपी केली तिचा आकडा वाढतो, ज्या संस्थेत कोणी बोलतच नाही तिचे शून्य अबाधित राहते. २०१३ च्या दुरुस्तीने कौटुंबिक हिंसा, प्रेमसंबंधांतील हिंसा व पाठलाग हे गुन्हे तक्त्यात आले. संसारी, प्रौढ विद्यार्थ्यांच्या ह्या संस्थांस ही दुरुस्ती इतर सर्वांहून अधिक जवळची होती, असे म्हणावयास हरकत नाही. पती मागावर येऊन वाहनतळापर्यंत पोचला तर त्याची नोंद होते. तो घराच्या दाराशी उभा राहिला तर होत नाही.

सूचनेचे काय झाले? कायद्यात 'वेळीच सूचना' देण्याचे कलम आरंभापासून होते, पण वेळ म्हणजे किती हे त्यात नव्हते. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक येथे पहिल्या दोन खुनांनंतर सर्वांस पत्र गेले ते दोन तासांहून अधिक वेळाने; त्यानंतर थोड्याच मिनिटांत दुसऱ्या इमारतीत आणखी तीस जणांची हत्या झाली. २००८ च्या कायद्याने मग 'तात्काळ सूचना' अशी दुसरी पायरी जोडली. ऑरिगनमधील अम्पक्वा कम्युनिटी कॉलेजात नऊ जणांची हत्या झाली ती १ ऑक्टोबर २०१५ रोजी, म्हणजे वार्षिक तक्ता प्रसिद्ध करण्याच्या नेमक्या अखेरच्या दिवशी. हा निव्वळ योगायोग. त्यातून काही सिद्ध करावयाचे नाही. २०२४ च्या डिसेंबरात नवागतांच्या छळाचे गुन्हेही तक्त्यात घालण्यात आले आणि कायद्याचे नाव पुन्हा थोडे बदलले.

आता जिन्याकडे परत येऊ. १९७८ पूर्वी आजचा कायदा असता तर त्या जिन्यावरील आधीचे हल्ले आवाराच्या रकान्यात गेले असते, आणि वार्षिक तक्त्यात एक वा दोन असा आकडा दिसला असता. त्यावरून जिना कळला नसता. तो कळण्याची सोय १९९८ च्या दुरुस्तीतील दैनिक नोंदवहीत आहे. ज्या संस्थेत पोलीस वा सुरक्षा विभाग आहे तिने गुन्ह्याचे स्वरूप, दिनांक, वेळ आणि सर्वसाधारण स्थळ कामकाजाच्या दोन दिवसांच्या आत लिहावयाचे. अलीकडच्या साठ दिवसांची पाने कचेरीच्या वेळात येईल त्यास पाहू द्यावयाची. स्थळाच्या त्या रकान्यात 'वाहनतळ' एवढेच लिहिले तरी कायद्याचे समाधान होते. 'वाहनतळाकडील जिना' असे लिहावयाचे की नाही, हे ती वही भरणाऱ्या माणसावर सोपविलेले आहे.